सोनलच्या दारावरचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दचकू नका. कुलपाने तोंड मिटून बसावं अशीच जगाची अपेक्षा असते आणि मीही ती इमानेइतबारे पाळली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत एका पोरीचा जीव होता, म्हणून ती म्हण आता मला ऐकवत नाही.

सध्या माझा मुक्काम ठाण्यात, कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात पकडलेल्या वस्तू. माणसांना जामीन मिळतो, आम्हाला मिळत नाही. माझ्या एका अंगाला गंजका कोयता आहे आणि दुसऱ्या अंगाला मिक्सरचं भांडं. त्या भांड्याने काय केलं असेल ते मी विचारत नाही. तेही मला विचारत नाही.

माझा जन्म अलीगढचा. तिथे कुलपं घडवणारी घरंच्या घरं आहेत. पितळी अंग, पोलादी कडी आणि पोटात लिव्हरांची रांग, असा मी चांगला ठणठणीत जन्माला आलो. माझ्याबरोबर दोन किल्ल्या आल्या, जुळ्या बहिणी. तिथून आम्ही ठाण्याला नौपाड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. विद्यापीठाचा माणूस खरेदीला आला तेव्हा दुकानदाराने मला गल्ल्यावर ठेवलं, हातोडीचे दोन सणसणीत घाव घातले आणि म्हणाला, "बघा साहेब! दार तुटेल, पण हे तुटणार नाही." काय सांगू, तेव्हा माझी छाती अशी फुगली होती! आता तेच वाक्य आठवलं की वाटतं, तेव्हाच तुटलो असतो तर बरं झालं असतं.

विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही. कोलशेतच्या बाजूला, खाडीकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर ते उभं राहिलंय. पुढे काचेच्या इमारती, लॉन, फोटो काढायला कारंजं. मागे, रोपवाटिकेच्या पलीकडे, कारखान्याच्या वेळची एक दगडी खोली तेवढी शिल्लक राहिली होती. दार सागवानी, जाडजूड. खिडकी एकच, तीही उंचावर आणि पत्रा ठोकलेली. ती खोली वनस्पतीशास्त्रवाल्यांना मिळाली. पोरं कुठूनकुठून झाडपाला आणायची, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून लाकडी फळ्यांमध्ये दाबून वाळवायची, मग पुठ्ठ्यावर टाचायची. त्याला म्हणायचं नमुने. म्हणून ती नमुन्यांची खोली, आणि मी तिच्या दारावर.

दोन किल्ल्यांपैकी एक कुणा पोराने खाडीवर फिरायला जाताना खिशात नेली आणि चिखलात घालवली. नवीन करून घेऊ, घेऊ म्हणता म्हणता राहिलंच. आपल्याकडे राहिलेल्या कामाला कुणी वाली नसतो. उरलेली एक शिपाई मारुतीमामाच्या कमरेला, करगोट्यात अडकवलेली. ती माझी बायकोच म्हणा ना. मी आपला दाराला लटकलेला, आणि ही बया गावभर हिंडणार, चार गोष्टी ऐकून येणार आणि पोटात शिरली की सगळं सांगणार. पुढे कोकणात जे घडलं ते मला तिच्याकडूनच कळलं.

मारुतीमामा राहायला डोंबिवलीत, मूळचा चिपळूणच्या पुढचा. माणूस प्रेमळ. पोरांच्या वेळी-अवेळी हाका ऐकणारा, चहा आणून देणारा, कुणाला ताप आला तर रिक्षात बसवून देणारा. दोष एकच, घाई. आणि भाद्रपद जवळ आला की ती घाई विचारूच नका. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जाण्यापासून अडवायची ताकद देवातही नाही. आदल्या वर्षी तो सुट्टीच्या आधीच पळाला म्हणून त्याला मेमो मिळाला होता. "पुन्हा असं झालं तर घरी बसाल," असं साहेबाने तोंडावर सांगितलं होतं.

आता आमच्या खोलीची रीत ऐका, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मी दाबायचं कुलूप. उघडायला किल्ली लागते, लावायला लागत नाही. मामा सकाळी मला उघडायचा आणि तसाच उघडा कोयंड्यात अडकवून ठेवायचा. संध्याकाळी मामाने आत जाऊन बघायचं, दिवे घालवायचे आणि मला दाबायचं, हा झाला नियम. पण मामाला घाई असली की तो लांबूनच ओरडायचा, "शेवटी जाल त्याने दाबा रे!" आणि शेवटी जाईल तो दाबायचा. कधी काही बिघडलं नाही. बिघडलं नाही की त्या चुकीलाच रीत म्हणतात.

सोनल त्या खोलीत सगळ्यात जास्त रमायची. कल्याणजवळच्या मोहने गावची पोर. बाप कंपनीत होता, तो आता नाही. आई मालन अंगणवाडीत स्वयंपाक करते. सोनल रिक्षा, लोकल, बस बदलत रोज ठाण्याला यायची, पण तोंडावर कधी दमणूक नाही. पावसाळ्यात मी अडकतो. बाकीची पोरं मला शिव्या घालायची, लाथा मारायची. ही डब्याच्या पिशवीतून खोबरेल तेलाची इवलीशी बाटली काढायची आणि दोन थेंब माझ्या तोंडात सोडून म्हणायची, "घे बाबा, पी. म्हातारा झालास तू." खंडेनवमीला सगळे प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा करत होते, तेव्हा हिने मागे येऊन माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि झेंडू खोचला. मामा हसला. म्हणाला, "काय गो बाय, कुलपाची कसली पूजा?" ती म्हणाली, "मामा, आपली सगळी मेहनत हाच तर सांभाळतो ना!" सांभाळतो म्हणे.

आता तो दिवस. दोन दिवसांवर गणपती, दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. पाऊस लागलेला. पोरापोरींनी साड्या-कुडते घातलेले, पुढच्या अंगणात फोटो चाललेले. डोंबिवलीहून कुणा पुढाऱ्याची गावी जाणारी फुकट बस सुटायची होती आणि ती कुणासाठी थांबत नाही. मामाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपार कलली तसा तो पिशवी घेऊनच माझ्यापाशी आला आणि आत डोकावला.

सोनल आत नमुन्यांचे कागद बदलत होती. पावसाळी हवेत दाबलेल्या पानांचे कागद बदलले नाहीत तर बुरशी धरते, वर्षाचं काम फुकट जातं. सुट्टीच्या आधी ते उरकायलाच हवं होतं.

"अजून किती गो बाय?" मामाने विचारलं.

"आहे अजून गठ्ठा. का, मामा? बस आहे ना तुमची?"

"हाय खरी. पण कुलूप..."

"मी लावते ना! दाबायचंच तर आहे. तुम्ही जा, टेन्शन नका घेऊ. बस चुकली तर शेवंतीमामी मला शिव्या घालेल." आणि हसून पुढे म्हणाली, "बाप्पाला माझा नमस्कार सांगा."

"आठवणीनं दाब हां," मामा म्हणाला आणि निघालासुद्धा. मोठ्या गेटाने गेला असता तर लवकर निघाल्याचं दिसलं असतं. म्हणून तो मागच्या कुंपणाच्या फटीतून, कोलशेत गावाकडून सटकला. किल्ली त्याच्या कमरेला. मी कोयंड्यात, तोंड उघडं टाकून लटकलेला.

थोड्या वेळाने अद्वय आला. सोनलच्या पुढच्या वर्गातला, चांगल्या घरचा, गुळगुळीत बोलणारा पोरगा. तो कितीतरी दिवस तिच्या मागे होता. तिने एकदा सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. मला ऐकू येत होतं.

"ब्लॉक का केलंस मला?"

"सारखे मेसेज करत होतास म्हणून. एकदा नाही म्हटलंय ना, अद्वय."

"सगळे हसतायत माझ्यावर. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू बाजूला व्हावंस. मला काम करू दे."

मग झटापट झाली. फळ्या कोसळल्या. नमुने दाबायला आत एक लोखंडी वजन असायचं. एक जड आवाज झाला आणि सगळं थांबलं. 

तो बाहेर आला, दार ओढलं आणि नुसता उभा राहिला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याला किल्ली नको होती. आमच्या खोलीची रीत त्यालाही ठाऊक होती. त्याने ओल्या हाताने मला दाबलं. खट्!

त्या क्षणी मी अडकायला हवं होतं. पावसाळ्यात एरवी दहादा अडकायचो की मी! पण सकाळीच सोनलने तेल घातलं होतं. मी लोण्यासारखा मिटलो.

आणि ती गेलेली नव्हती हो. काळोख पडायच्या आधी दार हललं. कोणीतरी आतून टेकलं होतं. "मामा," ती म्हणाली. आधी आई नाही, देव नाही, मामा. कारण किल्ली मामाकडे असते हे तिला माहीत होतं. "मामा, उघडा ना." आवाज असा की दारापाशी कान लावला तरच ऐकू यावा. तिचा मोबाइल अद्वय घेऊन गेला होता. पुढच्या अंगणात आरत्यांची तालीम चाललेली. मागे खाडी आणि पाऊस. तिने दार ढकललं आणि मी धरून ठेवलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी तुटलो नाही.

दुसऱ्या दिवशी मालन आली. पोर घरी आली नाही, फोन लागत नाही. पोलीसचौकीत सांगितलेलं, "मोठी मुलगी आहे, मैत्रिणीकडे असेल, आधी कॉलेजात बघा." म्हणून ती एकटीच मोहन्याहून विद्यापीठात येऊन धडकली. अंगावर कालचीच साडी. सुट्टी असूनही विभागप्रमुख प्रमोदिनी मॅडम नौपाड्याहून धावत आल्या. त्यांनी सुरक्षारक्षक पोपटला बरोबर घेतलं. आणि मदतीला कोण? अद्वय! चोराच्या मनात चांदणं. त्याने आल्या आल्या सांगून टाकलं की काल आपण सोनलला माजिवड्याच्या रिक्षात बसताना बघितलं. गेटावरच्या कॅमेऱ्यात तर रेनकोट घातलेल्या ढीगभर पोरी, त्यात कोण कोण ओळखणार?

ते इमारतीमागून इमारत बघत मागे आले. प्रत्येक दारापाशी पोपटचं एकच पालुपद, "कुलूप आहे, मॅडम." म्हणजे आत कोणी नाही. कुलपाचा अर्थ माणसं असाच लावतात. बाहेरून कुलूप लावणारा कोण होता हे कुणी विचारत नाही.

मालन माझ्यापाशी थांबली. तिने मला तळहातात घेतलं. हात चुलीपाशी राबलेला, खरखरीत. तिने मला एक हिसडा दिला. मी तिला मनातल्या मनात ओरडून सांगत होतो, बाई, दगड घे! दगड घे आणि घाल माझ्या डोक्यात!

"हे उघडा ना हो एकदा," ती म्हणाली.

पोपट म्हणाला, "ताई, चावी मारुतीमामाकडे, आणि मामा गेलाय गणपतीला गावी. तोडायचं म्हटलं तर वरून परमिशन लागेल."

मॅडमनी लगेच मामाला फोन लावला. मालनला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मारुती, मागच्या खोलीला तूच कुलूप लावलंस ना?"

पलीकडे मामा घोटाळला. मग म्हणाला, "व्हय मॅडम. मीच."

"आत बघून लावलंस? कोणी राहिलं नव्हतं?"

"नाय, नाय. सगळं बघून, दिवे घालवून लावलंय."

"आणि सोनल दिसली होती का?"

"नाय मॅडम."

मॅडमनी फोन ठेवला आणि मालनच्या खांद्यावर हात ठेवला. "मारुती जुना माणूस आहे हो. तो बघितल्याशिवाय लावणार नाही." त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांचा विश्वास होता मामावर. आमचा सगळ्यांचाच होता.

मागच्या कुंपणापलीकडून, गावाच्या रस्त्याने कुठल्याशा मंडळाचा गणपती चालला होता. ढोल-ताशांनी दार थरथरत होतं. आणि नेमकं तेव्हाच आतून, दाराच्या अगदी तळाशी, नखं फिरली. एकदा. मग पुन्हा. मला कळलं. ढोलात त्यांना कळलं नाही, असं मला वाटलं. मालन मला हातात धरून तशीच उभी होती. "चला काकू, हॉस्टेलकडे बघू," अद्वय म्हणाला. तिने मला सोडलं. मी दारावर आपटलो.

त्यानंतर नखं फिरली नाहीत.

आता किल्लीने सांगितलेलं सांगतो. फोन आला तेव्हा मामा मखराला झिरमिळ्या लावत होता. फोन ठेवल्यावर त्याचा हात थांबला. शेवंती, त्याची बायको, म्हणाली, "कुणाचा वो? तोंड का पडलं?" तो म्हणाला, "ऑफिसचा. काय नाय." त्याच्या मनात पाप नव्हतं, मेमो होता. लवकर निघालो म्हटलं तर नोकरी जाते. आणि सोनल म्हणाली होती ना, मी लावते? कुलूप लागलंय म्हणजे तिनेच लावलं आणि ती गेली. मग मी लावलं म्हटलं काय आणि तिने लावलं म्हटलं काय, फरक काय पडतो? असा हिशेब त्याने मांडला.

चतुर्थीला मोबाइलवर सोनलचा फोटो आला. 'हरवली आहे.' पोर गेली होती तर घरी का पोहोचली नाही? आरती चालू होती आणि हा टाळ हातात धरून नुसता उभा. किती वेळा त्याने मॅडमचा नंबर काढला आणि ठेवून दिला. आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार, की मी खोटं बोललो, आणि तिला शेवटचं बघणारा मी. गरिबाला आधी धरतात. हात दाखवून अवलक्षण कशाला? बाप्पा बसलेत, घरात अभद्र नको. विसर्जन होऊ दे, मग बघू. किल्ली म्हणते, त्या दिवसांत तो कमरेवर हात ठेवून तिला चाचपत राहायचा. जेवायला बसला तरी, झोपला तरी.

गौरी-गणपती गेल्यावर तो आला. घरी गेला नाही, पिशवीसकट सरळ माझ्याकडे आला. आठ पावलांवर थांबला, कारण वारा त्याच्याकडे होता. मग धावला. त्याच्या हातून किल्ली भोकात जाईना. गेली, फिरली, आणि मी उघडलो. मामाने मला कोयंड्यातून उपसून हातात धरलं आणि दार ढकललं. दार पुरतं उघडेना, कारण ती दाराशीच होती.

मामा तिथेच चिखलात बसला आणि कपाळ बडवून घेऊ लागला. "अगो बाय, अगो माझे बाय," एवढंच म्हणत होता. मी त्याच्या मुठीत होतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल तसंच. मेणबत्त्या, मोर्चे, टीव्हीवाले. बैल गेला आणि झोपा केला, म्हणून आता प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली ऑफिसात असते म्हणे. अद्वय पकडला गेला. सोनलच्या नखांत जे सापडलं ते त्याचंच निघालं. आणि डॉक्टरांनी लिहून दिलं की मार बसल्यावरही पोरीचा जीव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. वेळेत दवाखान्यात नेली असती तर वाचली असती.

म्हणजे मालनच्या तळहातात मी होतो तेव्हा ती होती. मारुतीमामाने "नाय" म्हटलं तेव्हा ती होती.

पोलिसांनी मामाला धुऊन काढलं. पण त्याने जबाबातही तेच सांगितलं, मी आत बघून कुलूप लावलं. पाचावर धारण बसलेला माणूस एकदा बोललेलं खोटं सोडत नाही, बुडता माणूस काडी सोडत नाही तसं. आणि त्या खोट्यावरच अद्वयच्या वकिलाने डाव मांडला. शिपाई म्हणतो खोली रिकामी बघून कुलूप लावलं. किल्ली एकच, तीही शिपायाकडे. मग माझा अशील आत गेलाच कसा? भांडण झालं असेल, ओरखडे असतील, ते बाहेर कुठेतरी. पुढचं किल्लीवाल्यालाच विचारा. झालं! मामा तेच धरून बसला असता तर अद्वय सुटला असता.

मागच्या महिन्यात मला कपाटातून काढलं, लाखेचं सील तोडलं आणि कोर्टात टेबलावर ठेवलं. किल्ली शेजारी. मारुतीमामा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. केवढा वाळला होता! शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा. समोरच्या बाकावर मालन. अद्वय मागे, मान खाली.

"हे कुलूप ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

मामाने मला हातात घेतलं. "ओळखतो साहेब."

"त्या दिवशी हे कुणी लावलं?"

मामाने मला परत टेबलावर ठेवलं. "ठाऊक नाय, साहेब," तो म्हणाला. "मी नाय लावलं."

खुसफुस झाली. अद्वयचा वकील ताडकन उठला. "तुम्ही पोलिसांना वेगळं सांगितलंत!"

"खोटं सांगितलं. मॅडमलाही फोनवर खोटं सांगितलं. मला बस पकडायची होती. पोर आत काम करत होती. ती म्हणाली मामा तुम्ही जा, मी लावते. मी कुलूप उघडं सोडून कुंपणातनं पळालो." "मेमोची भीती होती साहेब. मग पोलिसांची झाली. मी फोनवर खरं बोललो असतो तर त्यांनी दार फोडलं असतं. पोर जिवंत होती तवा. मी पेपरात वाचलं. त्या सालापासनं घरात गणपती आणला नाय. मूर्तीसमोर उभं राहायला तोंड नाय."

"आता नोकरी जाईल याची कल्पना आहे?" वकिलाने टोमणा मारला.

"जाऊ दे," मामा म्हणाला. "ती तेव्हाच जायला पाहिजे होती."

दुपारची सुट्टी झाली. न्यायाधीश साहेब उठून आत गेले. मामा पिंजऱ्यातून उतरला आणि मालनसमोर हात जोडून उभा राहिला. पायाला हात लावायला वाकला तशी ती मागे सरकली.

"नको," ती म्हणाली. "माफ नाही करणार मी तुम्हाला, दादा. जमणार नाही. पण एक सांगते, ते कुणालाच सांगितलेलं नाही." ती टेबलाजवळ आली. माझ्याकडे बघत बोलली. "मी हे हातात धरलं होतं तेव्हा मला आत खरवडल्यासारखं ऐकू आलं होतं. ढोल चालू होते तरी आलं. मला वाटलं, विचारावं. पण तुम्ही तेव्हा नुकतंच फोनवर सांगितलेलं, आत कोणी नाही. म्हटलं, घूस असेल. माझी पोर होती आणि मी घूस समजले."

मालन रडली नाही. मला वाटतं तिचं रडणं त्याच दिवशी त्या दारापाशी राहिलं.

मी समजत होतो की ते फक्त मला ऐकू आलं. इतके दिवस मी आपला अपराध एकट्याने कवटाळून बसलो होतो. तोच अपराध तीही तेव्हापासून एकटीच वागवत होती.

लोकहो, कुलपाचं ऐकाल का एक? दारावर कुलूप दिसलं म्हणून परत फिरू नका. हाक मारा. दार वाजवा. आत उंदीर असेल, घूस असेल, नमुने असतील, असू देत. शंका आली तर दगड उचला आणि आमची डोकी फोडा. आम्ही बाजारात ढिगाने मिळतो हो. आणि फोनवर तुमच्या एका "नाय" वर कुणाची आई हात सोडणार असेल, तर ते बोलण्याआधी नोकरी, मेमो, बाप्पा, सगळं बाजूला ठेवा. नंतर खरं बोलून न्याय मिळतो. माणूस मिळत नाही.

निकाल अजून लागायचाय. पुढच्या तारखेपर्यंत मला परत कपाटात ठेवायचं होतं. कारकून आला, किल्ली पाकिटात टाकली आणि मला उचललं. मामाने दारातून काढलं तेव्हापासून मी उघडाच आहे. कारकुनाने सवयीने माझ्या कडीवर अंगठा ठेवला.

"दाबू नका हो," मालन म्हणाली.

कारकून गोंधळला. "अहो बाई, नुसतं पॅक करायचंय."

"असू दे. उघडंच राहू दे ते."

त्याने तसंच गुंडाळलं. मी उघडा आहे आता. माझ्यामागे दार नाही, आत कोणी नाही, आणि मला उघडायला सांगणारं कोणी नाही.